सहदेवभाऊंचा होकार

मोताळ्याच्या आठवडी बाजारात सहदेवभाऊ कुठे बसलेत हे शोधावं लागत नसे. आवाजाच्या रोखानं चालत गेलं की झालं. "भरताची वांगी घ्या हो, पऱ्हाटीवर भाजा न् दुधासारखी खा!" कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं मला माहीत होतं, पण वांगी दुधासारखी कशी खायची, असं मी त्यांना एकदा विचारलं. "तुमी मराठीचे मास्तर न सर, थे तुमीच पाहा," ते म्हणाले, आणि माझ्या पिशवीत दोन वांगी जास्तीची टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आल्हाद नाव असलेला माणूस इतका चिडका कसा, असं आमच्या स्टाफरूममध्ये विचारतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. माझ्या घराची मागची भिंत सहदेवभाऊंच्या वाडीला लागून आहे. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे बाहेरच्यांची कोथिंबीर, एवढं त्या वाडीत पिकायचं. भाऊ आणि त्यांची बायको अन्नपूर्णावहिनी दिवसभर वाफ्यांत वाकलेले असायचे आणि भाऊंचं बोलणं चालू असायचं. मिरचीशी बोलत, पाण्याच्या पाइपाशी बोलत, माझ्या मांजरीला शिव्या देत. मला दुपारी झोप येऊ द्यायची नाही असा त्यांचा पणच होता.

बोलणं जास्त, पण वायफळ नाही. सहदेवभाऊ म्हणाले की उद्या मिरचीची रोपं देतो, तर उद्या रोपं दारात यायची. कुणाच्या भावकीत बांधावरून वाजलं तर दोन्हीकडचे लोक यांना मध्ये बसवायचे, कारण भाऊ एकदा बोलले की फिरायचे नाहीत. आणि त्यांची एक गोष्ट तर गावभर झाली होती. मुलगी सुवर्णा बारावीला माझ्या वर्गात होती. ती बुलडाण्याला नर्सिंगला लागली तेव्हा स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भाऊंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं, "पोरीच्या अंगावर आंधी नर्सचे पांढरे कपडे पाहीन, मंगच हळद पाहीन." त्यानंतर कुणी स्थळ आणलं की लोकच परस्पर सांगायचे, सहदेवभाऊची पोरगी शिकून राह्यली, अजून वेळ आहे.

शेवटच्या वर्षाला मी भाषाविज्ञान शिकवतो. त्यात अर्थविचार नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते शिकवताना मी दरवर्षी सहदेवभाऊंची वांगी वर्गात आणायचो. खरी नव्हे, तोंडी. शब्दाचा अर्थ कुठे असतो? वस्तूत असतो का? नाही. वांगं हा शब्द भाजता येत नाही, त्याला देठ नसतो. मग बोलणाऱ्याच्या डोक्यात असतो का? तेही नाही, कारण माझ्या डोक्यातलं वांगं वेगळं आणि तुमच्या डोक्यातलं वेगळं, तरी बाजारात दोघांना एकच भाजी मिळते. मग अर्थ असतो कुठे? आपल्या सगळ्यांच्या मध्ये. आपण सगळे मिळून मानतो म्हणून असतो. मुलं हे खाली मान घालून उतरवून घ्यायची. हमखास येणारा प्रश्न आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी मी भाऊंच्या ढिगाजवळ उभा होतो. तहसीलमधल्या एका कारकुनानं विचारलं, "सहदेवभाऊ, सांबार ताजा हाये का?" भाऊंच्या हातात सांबाराचीच जुडी होती. ते तिच्यावर पाणी शिंपडत होते.

"सांबार?" ते म्हणाले. "सांबार म्हणजे काय हो?"

आजूबाजूचे सगळे हसले. कारकूनही हसला. भाऊंची मस्करी सगळ्यांना ठाऊक होती. मीही हसलो. भाऊ मात्र हसले नाहीत. ते जुडीकडे आणि कारकुनाकडे आळीपाळीनं पाहत राहिले. मग वहिनींनी त्यांच्या हातातली जुडी काढून घेऊन पिशवीत टाकली.

नंतर कारलं गेलं. मग गवार गेली, मग दोडका. आधी क्वचित लागणारे शब्द गेले, मग रोजचे. मेथी, पालक, सांबार हे सगळं काही दिवस "पाला" होतं, आणि पुढं पाल्यासकट सगळी भाजी नुसती "थे", म्हणजे ते, झाली. बाजारातली हाळी मात्र जशीच्या तशी होती, तोच सूर, तोच खटका. एकदा ते मिरच्यांच्या ढिगामागे बसून "भरताची वांगी घ्या हो" असं ओरडत होते. मी विचारलं, भाऊ, वांगी कुठे आहेत?

"वांगी?"

"आत्ता तुम्हीच ओरडलात ना."

"वरडलो न," ते म्हणाले. त्यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटलं नाही, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत सुवर्णा घरी आली. ती आणि भाऊ मेथी कापत होते. ती म्हणाली, "बाबा, विळा द्या न जरा." भाऊंनी विचारलं, "विळा म्हणजे कसा रायते?" विळा त्यांच्या उजव्या हातात होता. क्षणापूर्वी त्यांनी त्याच विळ्यानं अख्खी ओळ कापली होती. सुवर्णाला आधी हसू आलं आणि मग ते तोंडावरच राहिलं. ती विळा घेऊन तशीच माझ्या मागच्या दारात आली.

"सर, बाबाले ऐकू चांगलं येते. आठवते बी सगळं. काल कोणत्या वाफ्याले पाणी देल्लं थे बरोबर सांगतात. निस्ते शब्दच कळत नाहीत. असं कसं हो सर?"

मी शब्दांचा मास्तर, म्हणून तिला वाटलं मला माहीत असेल. मला काहीही माहीत नव्हतं.

तिनंच त्यांना अकोल्याला नेलं. मीही सोबत होतो. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून घेतले, भाऊंसमोर चित्रं ठेवली, प्रश्न विचारले. मग आम्हाला वेगळं बसवून समजावलं. स्मरण चांगलं आहे, बोलणं चांगलं आहे, रस्ता चुकणार नाहीत. मेंदूच्या ज्या भागात शब्दांचे अर्थ राहतात तो भाग मात्र झिजत चालला आहे. आधी बारीक फरक जातील, मग मोठे जातील. शेवटी शब्द नुसते आवाज उरतील. औषध नाही. डॉक्टर भले होते, त्यांनी दोनदा सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही. परतीच्या एसटीत भाऊ खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या खणखणीत वाचत होते. वाचता सगळं येत होतं. पाटी गेली की सुवर्णाकडे वळून विचारत, "म्हणजे काय?" ती प्रत्येक वेळी सांगत होती. खामगावपर्यंत तिनं सांगितलं, मग तिला बोलवेना.

त्या आठवड्यात मी वर्गात अर्थविचार शिकवायला उभा राहिलो आणि वांग्याचं उदाहरण गाळलं.

अन्नपूर्णावहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, "हे बाहेर जाऊ द्याचं नाही. लोक येडा म्हणतीन. घरात येड हाये म्हणलं तं पोरीले कोण करीन?" मी म्हटलं, हा वेडेपणा नाही, आजार आहे. त्या म्हणाल्या, "थे तुमाले समजते सर. गावाले दोन्ही एकच." त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, आणि मी ते दिलं.

मग वहिनींनी त्यांचा उपाय काढला. संध्याकाळी अंगणात भाऊंना समोर बसवून त्या शिकवायच्या. माझ्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. "हे पाहा, कोणी काई बोललं, न् समजलं नाही, तं म्हणजे काय, म्हणजे काय करत बसाचं नाही. लोक हासतात. हाव म्हणाचं. निस्तं हाव." हाव म्हणजे आमच्याकडचं हो. मग त्या गिऱ्हाईक व्हायच्या, सोयरे व्हायच्या, शेजारी व्हायच्या. "काय सहदेवभाऊ, अंदा पाणी कमी झालं न?" हाव. "कापसाचं काई खरं नाही बावा." हाव. "लगनाले यायचं बरं का." हाव. भाऊ माणसाच्या तोंडाकडे बघायचे, आवाज खाली येईपर्यंत थांबायचे, आणि मग बरोबर ठिकाणी, ठासून हाव म्हणायचे. जमलं की वहिनींकडे पाहायचे. वहिनी मान हलवायच्या, की बरोबर.

उपाय इतका चालला की मला संताप आला. बाजारात वहिनी शेजारी बसून माल द्यायच्या आणि भाऊ हाव म्हणायचे. मयतीला गेले, हाव म्हणून आले. बारशाला गेले, तिथंही हाव. एका बांधाच्या भांडणात त्यांना मध्ये बसवलं, तर दोन्ही बाजूंना हाव म्हणून आले आणि दोघंही खूश होऊन घरी गेले. लोक म्हणायला लागले, सहदेवभाऊ आताशा लय समजदार झाले, पयलेसारखी बडबड नाही. मी चडफडत ऐकत राहायचो. आमच्या गावाच्या निम्म्या बोलण्याला समोरच्याकडून हाव सोडून काहीच नको असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

फाल्गुनात पिंपळगाव राजाचे पाहुणे आले. वहिनींची समजूत अशी की नुसते पाहायला येतात, पाहून जातील, आणि नाही म्हटलं तर सोयऱ्यांना राग येतो. मुलगा गोपाल, घरची शेती आणि मोटारी दुरुस्त करायचं लहानसं दुकान. लाजरा होता, सगळा वेळ कपबशीकडे पाहत होता. बोलणी करायला त्याचे काका तुळशीराम होते. तुळशीरामांबद्दल वाईट बोलावं असं मला फार वाटतं, पण बोलण्यासारखं काही नाही. सरळ आणि भला माणूस.

वहिनींनी मला बोलावून भाऊंच्या शेजारी बसवलं होतं, लक्ष ठेवा म्हणून. पोहे झाले. सुवर्णा डोक्यावर पदर घेऊन चहा देऊन गेली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. "एक वर्ष राह्यलं," ती म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे आत गेली. आतली खोली म्हणजे मधे एक पडदा. तिला सगळं ऐकू येत होतं.

तुळशीरामांनी कप खाली ठेवला. "सहदेवभाऊ, मी सिधा माणूस हावो, सिधंच बोलतो. पोरगी आमाले पसंत हाये. पण आमच्या घरी माही माय आंथरुणावर हाये. आमाले पोरगी घरात पायजे. तं शिक्षण हे इथंच थांबवाव न् लगन याच वैशाखात कराव. काय म्हणता?"

मी लगेच बोललो. "थांबा तुळशीरामजी. एकच वर्ष राहिलंय. शिक्षण झाल्याशिवाय लग्न नाही असं भाऊंनीच ठरवलेलं आहे, सगळ्या गावाला माहीत आहे."

तुळशीरामांनी मला हात जोडले. "सर, तुमी शिकेल माणूस. तुमचं बरोबर असन. पण बाप समोर बसेल असताना आपुन काऊन बोलाव? बापालेच इचारू."

मी पडद्याकडे पाहिलं. वहिनी पडद्याजवळ पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मी डोळ्यांनी विचारलं, सांगू का? त्यांनी नाही अशी मान हलवली. सोयरे बसलेले, शेजारी बसलेले, सगळ्यांच्या देखत सांगायचं तरी कसं, आणि सांगितलं तर पोरीचं पुढं काय, हे सगळं त्या एका मानेत होतं. मी गप्प बसलो. तुळशीरामांनी पुन्हा विचारलं, सावकाश, गैरसमज नको म्हणून एकेक गोष्ट सुटी करून. शिक्षण थांबवाचं. लगन वैशाखात. मंजूर हाये का?

भाऊंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आवाज खाली येईपर्यंत थांबले. मग ठासून म्हणाले, "हाव."

"ठरलं मंग?"

"हाव."

कुणीतरी कुंकवाचा करंडा मागवला. बायका आत गेल्या, सुवर्णाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, बाहेर सुपारी फुटली. सहदेवभाऊ बोलले म्हणजे ठरलं, असं सगळेच म्हणाले. भाऊ वहिनींकडे पाहत होते. अंगणातल्या शिकवणीसारखंच पाहत होते, बरोबर म्हणालो ना, अशा नजरेनं. त्या दिवशी वहिनींना मान हलवता आली नाही, आणि भाऊंचा चेहरा उतरला.

पाहुणे गेल्यावर सुवर्णा बाहेर आली. कपाळावर कुंकू होतं. ती आरडाओरड करेल असं मला वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "आई, बाबाले हाव म्हणायले तूच शिकवलं न?" वहिनींनी कपाळ बडवून घेतलं. भाऊ उठून मुलीजवळ गेले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले. तिला वाईट वाटतंय हे त्यांना अगदी बरोबर कळलं होतं. त्याला शब्द लागत नाही.

आठ-पंधरा दिवसांनी वहिनी आणि मी एसटीनं पिंपळगाव राजाला गेलो, एक वर्ष मागायला. तुळशीरामांनी बसवलं, पाणी दिलं. ओसरीवर खाटेवर त्यांची आई पडून होती, हाडांचा सापळा. वहिनींनी पदर पसरला. "एक वरीस द्या भाऊ. पोरीचं शिक्षण पुरं होऊ द्या. मंग तुमचीच हाये."

"वहिनी, मी एकदा नाही, दोनदा इचारलं," तुळशीराम म्हणाले. "चार माणसाईत इचारलं. भाऊ हाव म्हणले. त्याइच्या मनात आतून काय व्हतं थे मले कसं दिसन? माणूस जे बोलते थेच खरं धराव लागते न? आमी आता वैशाखाचं सगळ्याईले सांगून बसलो."

वर्षानुवर्षं मी फळ्यावर हेच लिहीत आलो होतो. अर्थ बोलणाऱ्याच्या डोक्यात नसतो, सगळ्यांच्या मध्ये असतो, सगळे मानतात तो असतो. भाऊंच्या हावमध्ये भाऊंचं काहीच नव्हतं, आणि तरी त्या हावचा अर्थ शिक्षण बंद असा पक्का झालेला होता, कारण खोलीतल्या सगळ्यांनी तो मानला होता. माझं प्रकरण खरं निघालं होतं. मला ते फाडून टाकावंसं वाटलं.

मग तुळशीराम थोडे पुढे सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "का भाऊले तवा समजलं नव्हतं? तब्येतीचं काई हाये का? असन तं सांगा वहिनी. मी समजून घेईन. आमच्या बी घरात बिमार माणूस हाये."

दार उघडलं होतं. त्या माणसानं स्वतःच्या हातानं उघडलं होतं. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्या खांद्यावरून आतल्या दाराकडे पाहिलं, जिथं घरातल्या बाया उभ्या राहून ऐकत होत्या.

"नाही जी," वहिनी म्हणाल्या. "तसं काई नाही. चांगले हायेत थे."

मी तोंड उघडलं, पण त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "चला सर, गाडी जाईन." एसटीत बसल्यावर म्हणाल्या, "थे समजून घेतीन हो सर. पण त्या बाया?"

राहता राहिली सुवर्णा. वचन मी वहिनींना दिलं होतं, तिनं कुणाला दिलं नव्हतं. मी वाडीत गेलो. ती वांग्याच्या ओळीतलं गवत काढत होती. मी म्हटलं, अकोल्याचे कागद घे आणि तू जा तुळशीरामांकडे. तुझ्या बापाचा होकार होकार नव्हता, हे सांग. तुझ्या जन्माचा प्रश्न आहे. मला माहीत असलेलं सगळं मी तिला ऐकवलं, थोडं ओरडूनच.

तिनं गवताची मूठ बांधावर टाकली. "सर, बाबाचं बोलणं अजून लोक बोलणं म्हणून आयकतात. हाव म्हणले तं हाव धरतात. मी उद्या सांगतलं का त्या हावमध्ये काईच नव्हतं, तं मंग कोणत्याच हावमध्ये काई नाही. बाजारात कोणाले राम राम केला तं थो बी खोटा. लोक त्याइच्या तोंडाकडं पाहून हासतीन न् माह्या आईले इचारतीन, हे काय म्हणून राह्यले. बाबा समोर बसेल असतीन न् कोणी त्याइच्याशी बोलणार नाही. मी अकोल्याच्या दवाखान्यात पाह्यले सर असे माणसं. त्याइच्या डोक्यावरून बोलतात."

"आणि तुझं शिक्षण?"

"थे माहं एकटीचं हाये."

"अगं, वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांना कळणारच आहे! मग काय उरलं?"

"तवा कळन," ती म्हणाली. "तवरक तं लोकाईचं बोलणं भेटन न त्याइले."

मला तिचा राग आला. तिच्या आईचा राग आला, तुळशीरामांचा आला, माझ्या विषयाचा आला. ती पुन्हा ओळीत वाकली. एवढी हुशार मुलगी, आणि तिच्या हुशारीनं तिला नेमकं आणून तिथंच उभं केलं होतं. आजही मला त्यात कुठून वाट काढता आली असती हे सापडत नाही. सापडेल असंही आता वाटत नाही.

ती बुलडाण्याला जाऊन कॉलेजातून नाव कमी करून आली. पांढरे कपडे पिशवीत घालून आणले होते. वहिनींनी ते पेटीच्या तळाशी ठेवले.

वैशाखात मांडव पडला. हळदीच्या दिवशी भाऊंना नवा सदरा घालून पाटाजवळ बसवलं होतं. एवढी माणसं, एवढा गोंगाट, ते बावरून गेले होते. मुलीच्या तोंडाला लावलेली हळद त्यांनी बोटानं पुसून पाहिली.

"हे काय चालू हाये?"

"लगन हाये बाबा."

"लगन म्हणजे काय?"

शिकवल्याप्रमाणे हाव म्हणायचं सोडून त्यांनी हे विचारलं, कारण मुलगी होती. मुलीला ते अजून विचारत असत. सुवर्णानं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. एरवी ती त्यांना कितीही वेळा समजावून सांगायची, विळा म्हणजे काय, पेढा म्हणजे काय, पाटी म्हणजे काय. त्या दिवशी ती म्हणाली, "तुमी हाव म्हणले व्हते न बाबा, थेच."

"हाव," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. ऊन कलल्यावर गाडी दाराशी आली. आमच्याकडे पाठवणीला रडतात तसं सगळे रडत होते, वहिनींना दोन बायकांनी धरलं होतं. सुवर्णा रडत नव्हती. ती भाऊंच्या पाया पडली, उठली, आणि मागे न वळता तिथंच त्यांच्यासमोर उभी राहिली. मग तुळशीरामांनी बैठकीत विचारलं होतं तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "बाबा, मी माहं राह्यलेलं एक वर्ष पुरं करू का?"

भाऊंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिचा आवाज खाली येईपर्यंत थांबले. मग ठासून म्हणाले, "हाव."

मी मूर्ख माणूस आहे. मी तुळशीरामांकडे पाहिलं. चार माणसांत विचारलं होतं, त्याहून जास्त माणसांत. बापालाच विचारलं होतं. तोच बाप, तोच शब्द, तसाच ठासून. मला तेवढ्यापुरतं वाटून गेलं की आता हा सरळ माणूस म्हणेल, बाप बोलला, म्हणजे ठरलं.

तुळशीरामांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बापाचं काळीज हाये, काय करन," ते म्हणाले. "चला, बसा गाडीत. अंधाराच्या आंधी पोचाचं हाये." बायकांना नवा हुंदका फुटला. सुवर्णानं मान खाली घातली आणि ती गाडीत जाऊन बसली.

गाडी वळणाआड गेली. भाऊंनी गर्दीत वहिनींना शोधून काढलं आणि ते त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. वहिनींनी तोंडावरचा पदर काढला आणि मान हलवली, की बरोबर म्हणालात.